तिसरी वायर कापू नका

आमच्या घरी पत्र्याचा कूलर आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याची पिन मोडली. अण्णांनी वायरीची टोके सोलली, दोन टोके बोर्डात घातली आणि वर आगपेटीच्या काड्या खोचल्या. तिसरी हिरवी वायर उरली, ती कापून टाकली. मी विचारले तर म्हणाले, "पंखा फिरतोय ना? मग झालं!"

आठ दिवसांनी आई कूलरमध्ये पाणी ओतायला गेली. पाय ओले, हातात घागर. पत्र्याला हात लागला आणि ती किंचाळून मागे पडली. दोन दिवस तिचा हात दुखत होता. थोडक्यात वाचली.

वायरमनकाकांनी कूलर उघडून दाखवला. आतली वायर पत्र्याला घासून सोलली होती, म्हणून पत्र्यात २३० व्होल्टची वीज उतरली होती. काका म्हणाले, "हिरवी वायर असती तर वीज तिच्यातून जमिनीत गेली असती." ती नव्हती, म्हणून आईच्या अंगातून गेली. तीन पिनांत अर्थिंगची पिन लांब आणि जाड असते. ती बोर्डात सगळ्यांआधी शिरते आणि सगळ्यांनंतर निघते, ते यासाठीच.

माझे मत असे की, वस्तू चालू झाली म्हणजे काम झाले असे समजू नये. हिरव्या वायरीवाचून पंखा फिरतो, पण माणसाचा जीव जाऊ शकतो. काहीजण म्हणतात, इतकी वर्षे काही झाले नाही. आमच्याकडेही आठ दिवस काही झाले नव्हते.

आता आमच्या कूलरला तीन पिना आहेत. अर्थिंगचा खड्डा केला आहे, उन्हाळ्यात त्यात मी पाणी ओततो. मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली आहे. वीज गळू लागली की ती क्षणात वीज तोडते. पाणी भरताना आम्ही आधी पिनच काढतो.

पालकांना विनंती आहे, घरी गेल्यावर एकदा बोर्डाकडे बघा. काड्या दिसल्या तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. मुलांनो, आपण स्वतः वायरीला हात लावायचा नाही. कुणाला शॉक बसला तर त्याला धरून ओढू नका, आधी मेन स्विच बंद करा.

हा लेख मी अण्णांना वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "लाव भिंतीवर."

— इयत्ता सातवी