खरेदीची मैत्री पुरे, भागीदारीची हवी

१८ ऑक्टोबर २०२५ रोजी लखनौच्या कारखान्यात तयार झालेल्या ब्रह्मोस क्षेपणास्त्रांची पहिली तुकडी रवाना झाली. ती बनवणारी कंपनी ना निव्वळ भारतीय आहे, ना निव्वळ रशियन. १२ फेब्रुवारी १९९८ च्या करारातून उभ्या राहिलेल्या या कंपनीत आपल्या डीआरडीओचा वाटा ५०.५ टक्के आहे, तर रशियाच्या एनपीओ माशिनोस्त्रोयेनियाचा ४९.५ टक्के. भारत-रशिया मैत्रीचे आता काय करायचे, हा वाद गेली काही वर्षे जोरात आहे. माझ्या मते त्याचे उत्तर या वाटणीतच आहे. ते मांडण्याआधी या वादातील तीन मतांचा समाचार घ्यायला हवा.

पहिले मत असे : रशिया युद्धात गुंतलेला, निर्बंधांनी जखडलेला आणि दिवसेंदिवस चीनच्या आहारी जाणारा देश आहे, आपली खरी बाजारपेठ अमेरिका आणि युरोप, तेव्हा शीतयुद्धाच्या काळातली ही दोस्ती आता आवरती घ्यावी. यातली वस्तुस्थिती मी नाकारत नाही, निष्कर्ष नाकारतो. चीनकडे झुकलेल्या रशियाकडे आपणही पाठ फिरवली, तर त्याला चीनखेरीज दुसरा आधार उरणार नाही. त्याची झळ सर्वांत आधी आपल्याच उत्तर सीमेला लागेल. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेलाचे कारण पुढे करून अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क लादले. त्यातून एवढा बोध पुरे की एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबणाऱ्याला घासाघीस करता येत नाही.

युक्रेनमधल्या संहाराचा प्रश्न मात्र याहून गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण सहकार्य म्हणजे युद्धाला संमती नव्हे. सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला भारताच्या पंतप्रधानांनी पुतिन यांना समोरासमोर सांगितले की हा काळ युद्धाचा नाही. बोलणे बंद केलेल्या देशाला असे तोंडावर सांगण्याची संधी मिळत नाही.

दुसरे मत : ही मैत्री म्हणजे केवळ शस्त्रखरेदी, आणि शस्त्रखरेदी म्हणजे परावलंबन. हे अर्धे खरे आहे. स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेनुसार २०१० ते २०१४ या काळात भारताच्या शस्त्रआयातीत रशियाचा वाटा ७२ टक्के होता. २०२० ते २०२४ मध्ये तो ३६ टक्क्यांवर आला. म्हणजे परावलंबन निम्म्याने घटले, आणि त्यासाठी मैत्री मोडावी लागली नाही. ब्रह्मोसचा प्रवास तर हे मत थेट खोडून काढतो. १२ जून २००१ रोजी चांदीपूरला पहिली चाचणी झाली. २०१६ मध्ये नाशिकजवळ ओझरच्या एचएएलमध्ये फेरबदल केलेल्या सुखोई विमानाने हे क्षेपणास्त्र घेऊन उड्डाण केले. २०१८ मध्ये भारतीय बनावटीच्या लक्ष्यवेधी यंत्रणेसह त्याची चाचणी झाली. जानेवारी २०२२ मध्ये फिलिपिन्सने सुमारे ३७.५ कोटी डॉलरचा करार केला आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिली क्षेपणास्त्रे तिकडे पोहोचली. रशियाबरोबर मिळून आपण विक्रेते झालो, हे केवळ गिऱ्हाईक राहून कधीच साधले नसते.

अर्थात संयुक्त नावाची पाटी लावली की काम झाले, असेही नाही. लखनौपासून फार दूर नसलेल्या अमेठीत एके-२०३ रायफलींच्या संयुक्त कारखान्याचा मुहूर्त मार्च २०१९ मध्ये झाला. सहा लाखांवर रायफलींचा करार व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला, आणि उत्पादन सुरू व्हायला २०२३. किंमत आणि तंत्रज्ञान-हस्तांतराच्या अटी आधी पक्क्या नसल्या की असे होते.

तिसरे मत मला सर्वांत घातक वाटते, कारण ते प्रेमापोटी मांडले जाते : रशिया १९७१ चा मित्र आहे, त्याला प्रश्न विचारू नयेत. ९ ऑगस्ट १९७१ च्या मैत्री कराराचे ऋण मीही मानतो. पण ऋण मानणे म्हणजे हिशेब सोडणे नव्हे. २०२४-२५ मध्ये दोन्ही देशांतला व्यापार ६८.७ अब्ज डॉलरचा झाला. त्यात आपली निर्यात जेमतेम ४.९ अब्ज. बाकी सारी आयात, आणि तीही मुख्यतः तेलाची. रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनीच मे २०२३ मध्ये गोव्यात सांगितले होते की भारतीय बँकांत आपले अब्जावधी रुपये साचले आहेत आणि ते वापरता येत नाहीत. शिवाय आझमगड आणि मऊ जिल्ह्यांतले तरुण नोकरीच्या आमिषाने दलालांच्या हाती लागले, रशियाच्या सैन्यात ओढले गेले, आणि त्यांतले काही परत आलेच नाहीत. त्यांच्या आईबापांना १९७१ चा दाखला देऊन गप्प बसवता येणार नाही.

मग करायचे काय? दिशा नवी शोधायला नको, ती लखनौच्याच खासदाराने दाखवून ठेवली आहे. १९९१ पासून २००९ पर्यंत लखनौचे प्रतिनिधित्व करणारे अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना, ३ ऑक्टोबर २००० रोजी, दोन्ही देशांनी सामरिक भागीदारीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पुढच्याच वर्षी ओएनजीसी विदेशने साखालिन-१ या रशियन तेलक्षेत्रात २० टक्के हिस्सा घेतला. त्या वेळी पेट्रोलियम मंत्री होते आपले राम नाईक, जे पुढे २०१४ ते २०१९ राज्यपाल म्हणून लखनौच्या राजभवनात राहिले. तेलाचे पिंप विकत घेणे आणि तेलाच्या विहिरीत वाटा घेणे यांत मोठा फरक आहे. २०२२ मध्ये अमेरिकी कंपनी एक्सॉनमोबिल साखालिन-१ मधून बाहेर पडली. भारताचा हिस्सा टिकला. रशियातून मिळणारा लाभांश निर्बंधांमुळे अडकतो, ही अडचण खरी आहे. पण ती सोडवायची असते. तिच्यापायी मालकी सोडायची नसते.

हेच सूत्र आता शस्त्रे आणि तेलाच्या पलीकडे न्यायला हवे. ऑगस्ट २०२५ मध्ये युरेशियन आर्थिक संघाशी मुक्त व्यापाराच्या वाटाघाटींची रूपरेषा ठरली. त्या वाटाघाटींत आपल्या औषधांची नोंदणी, नाशिक-सांगलीच्या द्राक्षांची तपासणी, पुणे-कोल्हापूरच्या यंत्रभागांची प्रमाणपत्रे या बाबी आधी मिटवाव्यात, कारण माल अडतो तो करापेक्षा कागदपत्रांत. साचलेला रुपया भारतातल्याच संयुक्त कारखान्यांत गुंतवण्याचा रशियाकडे आग्रह धरावा. मुंबई ते मॉस्को जोडणाऱ्या उत्तर-दक्षिण वाहतूक मार्गाचा करार सप्टेंबर २००० मध्ये झाला आहे. तो वर्षभर चालता ठेवण्याची जबाबदारी ठरवून द्यावी. आणि डिसेंबर २०२५ च्या दिल्ली शिखर परिषदेत कामगारांच्या स्थलांतराविषयी जो करार झाला, त्याखाली नोंदणीकृत भरतीखेरीज एकही तरुण रशियात जाणार नाही, अशी व्यवस्था उभारावी.

२०३० पर्यंत व्यापार १०० अब्ज डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट दोन्ही सरकारांनी ठेवले आहे. केवळ तेलाची आयात वाढवूनही ते गाठता येईल, आणि तसे गाठले तर तो पराभव असेल. म्हणून माझी मागणी साधी आहे : या उद्दिष्टात भारताच्या निर्यातीचा आकडा वेगळा जाहीर करा, आणि दरवर्षी संसदेपुढे त्याचा हिशेब ठेवा. रशियाशी मैत्री तोडू नका आणि तिची आरतीही करू नका. तिच्यात आपला वाटा घ्या.