आजोबांची वेब्ली

परवा वीकेण्डला धाराशिवला काकांकडे गेलो होतो. कपाटातून आजोबांची वेब्ली रिव्हॉल्व्हर निघाली. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा नळदुर्गमार्गे निजामाच्या मुलखात शिरल्या, त्या जमान्यातली चीज. सॉल्लिड!

रिकामी असल्याची खात्री करून काकांनी घोडा ओढला. चक्री फिरली, पण पुरती नाही.

‘आतला पंजा झिजलाय.’

चक्रीला एकेक घर पुढे ढकलणारा हा एवढासा तुकडा. तो झिजला की घर नळीसमोर नीट येत नाही, गोळी कडेला घासते. म्हणजे बॉस, धोका चालवणाऱ्यालाच!

‘पुण्यात करून आणू?’ मी म्हटलं.

‘अरे, हे काय मिक्सर आहे? दुरुस्तीलाही परवानावालाच लागतो.’

१९५९ च्या शस्त्र कायद्यात गंमत आहे. दुरुस्त करूनही चालणार नाही, अशा पुरातन हत्याराला परवाना लागत नाही. आमची मात्र पंजा बदलला की चालेल. म्हणून परवाना हवाच.

‘माझ्यानंतर तू घेशील परवाना? नाहीतर पोरांनी ठाण्यात जमा करायची.’

मी गप्प. फ्लॅटचं लोन घेताना एवढा विचार केला नव्हता. काकांनी तेलाचं बोट फिरवून ती पुन्हा फडक्यात गुंडाळली.

उत्तर अजून दिलेलं नाही. तुम्ही काय केलं असतं?