उकडीचा ब्रेड

आमच्या घरात एकादशीची सगळ्यांत जास्त वाट पाहते ती माझी नात. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी होते, भगर शिजते, शेंगदाण्याची आमटी होते, राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ तव्यावर पडतं आणि ताटातलं सगळं तिला चालतं. तिच्यासाठी वेगळा डबा उघडावा लागत नाही, वेगळा तवा काढावा लागत नाही. त्या दिवशी सगळं घर तिचं जेवण जेवतं. एरवी ती आमच्यात बसून वेगळी जेवते आणि नऊ वर्षांच्या पोरीला ते चांगलं कळतं.

तिला सिलिॲक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सिलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषून घेणारी बारीक लव असते, ती झिजून सपाट होते. आपल्याकडे बायका म्हणतात ना, ‘पोराला खाल्लेलं अंगी लागत नाही’, ते इथे अक्षरशः खरं असतं. मूल जेवतं, पण वाढत नाही. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त भरत नाही. आजार आयुष्यभराचा, आणि त्यावर आजतरी एकच उपचार आहे: ग्लुटेन पूर्ण बंद, कायमचं बंद.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. असा संशय आला म्हणून घरच्या घरी गहू बंद करू नका. आधी डॉक्टरांकडून टीटीजी नावाची रक्ततपासणी करून घ्या, आणि ती होईपर्यंत मुलाला रोजची पोळी खाऊ द्या. गहू बंद करून तपासणी केली तर आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो आणि मग पुढची कित्येक वर्षं चाचपडण्यात जातात. ज्यांना असा कुठलाही आजार नाही, त्यांनी कुणाचं पाहून गहू सोडायचंही काही कारण नाही.

या आजाराचं मूळ गव्हात आहे हे जगाला कळलं ते एका दुष्काळातून, म्हणून मला ती गोष्ट फार जवळची वाटते. विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर हॉलंडमध्ये होते. आपल्या आजारी मुलांना गहू सोसत नाही असा त्यांना आधीपासून संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद अडवली, गव्हाचा ब्रेड दिसेनासा झाला, लोक ट्युलिपचे कंद उकडून खाऊ लागले. आजूबाजूचे लोक उपाशी असताना ही मुलं मात्र सुधारत होती. ब्रेड परत आला आणि ती पुन्हा खंगली. पुढे १९५०मध्ये डिके यांनी उट्रेख्टला आपला प्रबंध मांडला.

आमच्या पिढीनं १९७२चा दुष्काळ पाहिला. मी लहान होते, पण रेशनच्या रांगेत मिळणारी ती अमेरिकेची लाल मिलो ज्वारी अजून डोळ्यांपुढे आहे. गव्हाची पोळी तेव्हा सणाला, नाहीतर पाहुणे आले तर. रोजच्या ताटात भाकरीच. मग रेशनवर गहू आला, बाजारात स्वस्त झाला, पोळी रोजची झाली आणि मुलांच्या डब्यातून भाकरी गेली. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात शंभरात १.२३ लोकांना सिलिॲक आढळला, दक्षिणेत शंभरात ०.१० लोकांना. आजाराला लागणारी जनुकं दोन्हीकडे आहेत. फरक मुख्यतः ताटातल्या गव्हाचा. मराठवाडा या दोन ताटांच्या मध्ये बसतो आणि दरवर्षी थोडा थोडा गव्हाकडे सरकतो.

मग आजीनं नातीला भाकरी द्यावी, ब्रेडचं खूळ कशाला, असं मला जालन्यातल्या आमच्या मस्तगड भागातल्या शेजारणींनी विचारलंच. भाकरी ती रात्री आवडीनं खाते. पण सकाळी साडेसहाला डब्यात घातलेली भाकरी मधल्या सुट्टीपर्यंत वातड होते, आणि शेजारच्या पोरीच्या डब्यात सँडविच असतं. त्या वयात दुसऱ्यासारखा डबा असणं ही भुकेइतकीच खरी गरज आहे. मला तिची ती इच्छा मुळीच क्षुल्लक वाटत नाही.

दुकानातला ब्राउन ब्रेड तिच्या कामाचा नाही, हे उघड आहे. त्याच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याचदा पहिलं नाव मैद्याचंच असतं आणि तपकिरी रंग कॅरॅमलचा. नाचणीची बिस्किटं, ज्वारीचा ब्रेड, मल्टिग्रेन, अशी मोठ्या अक्षरांतली नावं पाहून घरी आणलेल्या पाकिटांतही पोटभर मैदा असतो. खरा ग्लुटेनमुक्त ब्रेड मोठ्या शहरांतून मागवता येतो, पण तो रोज परवडावा असा नाही. तेव्हा घरीच करायचा ठरवला आणि खरी अडचण कुठे आहे ते तेव्हा कळलं. ती ओव्हनमध्ये नव्हती, पिठाच्या गिरणीत होती.

गिरणीवर गेलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे की दळण देताना आधी विचारायचं, “दादा, कशावर टाकताय?” पोळीच्या पिठात ज्वारी आलेली कुणाला चालत नाही, म्हणून गव्हावर गहू. ज्वारीवाली मात्र थोडं चालवून घेते. गव्हावर ज्वारी टाकली तर मूठभर गव्हाचं पीठ येतं, भाकरी उलट जरा सोपी थापली जाते. आता हिशेब करा. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. गव्हाच्या पिठात साधारण दहा टक्के ग्लुटेन धरलं, तर एक किलो ज्वारीच्या पिठात गव्हाचं पाव ग्रॅम पीठ पडलं तरी ती मर्यादा ओलांडली. पाव ग्रॅम म्हणजे चिमूटसुद्धा नीट भरत नाही. गिरणीच्या दगडात, पट्ट्यावर, पांढऱ्या पडलेल्या भिंतीवर, दळणाऱ्याच्या हातावर त्याच्या कितीतरी पट पीठ असतं. यात गिरणीवाल्याचा दोष काही नाही. तो दिवसभर गावाचा गहू दळतो.

म्हणून घरात घरघंटी आली, आणि तिच्यात गहू कधीच पडायचा नाही असा नियम झाला. नवी चाळणी आली, कारण जुन्या चाळणीच्या जाळीत वर्षांचा गहू बसलेला असतो. लाकडी पोळपाट-लाटणंही वेगळं, कारण लाकूड कितीही घासलं तरी त्याच्या रेघांतलं पीठ जात नाही. ज्वारी मोंढ्यातून सबंध आणायची, निवडायची, गव्हाचा चुकार दाणा काढायचा, धुऊन वाळवायची आणि मग दळायची. ज्यांना घरघंटी परवडत नाही, त्यांच्यासाठी आमच्या शहरात एखादी तरी गिरणी फक्त ज्वारी-बाजरी-तांदळाची असावी, असं मला मनापासून वाटतं. रेशनवर गहू मिळणाऱ्या घरात असं मूल जन्मलं तर त्या आईनं काय करायचं? तिला गव्हाऐवजी ज्वारी मागण्याचा हक्क असायला हवा.

जालन्यात ही मागणी करताना मला संकोच वाटत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये इथेच महिको ही बियाण्याची कंपनी उभी केली आणि हे गाव बियाण्याचं गाव झालं. देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण, सीएसएच-१, त्याच वर्षी आलं. १९९८मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तेव्हा गावाला झालेला आनंद मला आठवतो. ज्वारी-बाजरीच्या बियाण्यानं ज्या गावाचं नाव झालं, तिथे निर्मळ ज्वारीचं एक किलो पीठ मिळवणं कठीण असू नये.

आता ब्रेड. गव्हाची कणीक मळली की ग्लुटेनचं चिवट जाळं तयार होतं, यीस्टनं सोडलेला वायू त्या जाळ्यात अडकतो आणि ब्रेड फुगतो. ज्वारीत हे जाळं नाही. वायू होतो आणि निघून जातो. त्याला धरून ठेवायला मी दोन गोष्टी वापरते. एक इसबगोल. पोटासाठी रात्री पाण्यातून घेतो तोच भुसा. पाण्यात पडला की काही मिनिटांत त्याचं घट्ट बुळबुळीत जेल होतं आणि ते ओढलं तर ताणतं. दुसरी गोष्ट मला माझ्या सासूबाईंनी शिकवली होती, अर्थात ब्रेडसाठी नव्हे. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. तेव्हा त्या आधणाचं पाणी घालून थोड्या पिठाची उकड काढायच्या आणि ती उरलेल्या पिठात मळायच्या. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, पाणी धरतो आणि चिकटपणा येतो. भाकरीला जे लागतं तेच या ब्रेडला लागतं.

एका मध्यम टिनासाठी माझं प्रमाण असं. ज्वारीचं पीठ २५० ग्रॅम, नाचणीचं ५०, मिक्सरवर बारीक केलेलं साबुदाण्याचं पीठ ८०. ज्वारीच्या पिठातलं ५० ग्रॅम बाजूला काढून त्यावर १५० मिलिलिटर उकळतं पाणी ओतायचं, घोटायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं. २० ग्रॅम इसबगोल २३० मिलिलिटर कोमट पाण्यात फेटून ठेवायचं. ७ ग्रॅम कोरडं यीस्ट आणि २० ग्रॅम गूळ थोड्या कोमट पाण्यात, फेस येईपर्यंत. मग उकड, जेल, यीस्टचं पाणी, उरलेली पिठं, ७ ग्रॅम मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि लहान चमचाभर व्हिनेगर एकत्र करून हातानं चांगलं मळायचं. हे पीठ कणकेसारखं होत नाही. थालीपिठाच्या पिठाहून सैल आणि हाताला लागणारं राहतं. घाबरून वरून कोरडं पीठ घालू नका, ब्रेड दगड होतो. तपकिरी रंग नाचणीचा आणि गुळाचा. कशानं रंगवावा लागत नाही.

गव्हाच्या ब्रेडसारखं हे दोनदा फुगवायचं नाही. एकदाच, थेट टिनात. ओला हात फिरवून वरून गुळगुळीत करायचं आणि टिनाच्या काठापर्यंत आलं की ओव्हनमध्ये. जालन्याच्या मे महिन्यात त्याला अर्धा तास पुरतो, डिसेंबरात दीड तासही लागतो, म्हणून घड्याळापेक्षा टिनाच्या काठाकडे लक्ष ठेवा. जास्त फुगू दिलं तर भाजताना मधोमध खाली बसतं. आधी तापवलेल्या ओटीजीत २०० अंशांवर पन्नास मिनिटं ते तास. उन्हाळ्यात दुपारी लाइट जाण्याची भीती असते म्हणून मी पहाटेच भाजते. टिनातून काढून तळाला टिचकी मारली की पोकळ आवाज आला पाहिजे.

आणि मग धीर धरायचा. हा ब्रेड गरम असताना कापला तर सुरीला लगदा लागतो, कारण आतला स्टार्च थंड होतानाच बसतो. जाळीवर ठेवून पूर्ण गार होऊ द्या, दोन-तीन तास तरी. नात मध्येच येऊन हात लावून पाहते आणि जाते. गार झाला की काप पाडायचे, दोन कापांत बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये. बाहेर ठेवला तर दुसऱ्या दिवशीच कोरडा पडतो. सकाळी लागतील तेवढे काप तिच्या स्वतःच्या तव्यावर तुपात भाजायचे, आत शेंगदाण्याची चटणी आणि काकडी. सँडविच मोडत नाही, वासही छान येतो.

घराबाहेर मात्र रोजची लढाई आहे. वरणाच्या फोडणीतला हिंग बहुतेक वेळा बांधणीचा असतो, त्यात डिंक आणि मैदा असतो. पुऱ्या तळलेल्या तेलातच भजी निघतात. सत्यनारायणाला रव्याचा शिरा, आणि ‘प्रसादाला नाही म्हणू नये, एवढ्यानं काय होतंय’ हा आग्रह. एवढ्यानंच होतं. माणसं वाईट नसतात, प्रेमानंच आग्रह करतात, पण त्या एका चमच्यानं पोरीचं आतडं पुन्हा दुखावतं आणि तिला ते पुढचे कित्येक दिवस भोगावं लागतं. तिच्या हातावर केळं ठेवा, खडीसाखर ठेवा. देव त्यानंही पावतो.

गेल्या आठवड्यात तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईचा फोन आला. “काकू, वाढदिवस आहे, हिला काय चालेल?” असं आजवर कुणी आधी विचारलं नव्हतं. मी तिला आमच्या घरघंटीवरचं एक किलो ज्वारीचं पीठ आणि इसबगोलची पुडी पाठवली, चाळणीही आमचीच दिली आणि स्वयंपाकघरातल्या हिंगाच्या डबीवर काय लिहिलंय ते वाचून सांग म्हटलं. तिनं फोन तसाच धरून डबी शोधली. मैदा होता. दुसऱ्या दिवशी तिनं तांदळाच्या पिठाचा हिंग शोधून आणला.