विश्लेषण : मासेमारी बंद, फिरणेही बंद... रत्नागिरीत बारमाही तंदुरुस्ती पावसाळ्यातच का अडखळते? उपाय काय?

दरवर्षी १ जूनला राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी लागू होते आणि मिरकरवाडा बंदरातील नौका किनाऱ्याला लागतात. त्याच सुमारास मोसमी पाऊस येतो आणि भाट्ये, मांडवीच्या किनाऱ्यावर चालायला येणाऱ्यांची गर्दीही ओसरते. म्हणजे ताटातील ताजे मासे आणि दिवसभरातील चालणे एकाच वेळी कमी होते. ‘वर्षभर तंदुरुस्त राहा’ हा सल्ला इथे पावसाळ्यातच अडखळतो. तो पाळायचा असेल तर रत्नागिरीच्या ऋतुमानाप्रमाणेच आहार आणि व्यायामाचा हिशेब मांडावा लागतो.

प्रश्न किती गंभीर?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकातील २०२४ च्या शोधनिबंधानुसार, २०२२ मध्ये देशातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. महिलांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के होते. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत देशातील एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझे अयोग्य आहारामुळे असल्याचा अंदाज दिला आहे. हे आजार एका दिवसात होत नाहीत. त्यामुळे वर्षातील आठ महिने पथ्य आणि चार महिने सुट्टी हे गणित चालत नाही.

ताटात नेमके किती आणि काय हवे?

राष्ट्रीय पोषण संस्थेने २ हजार किलोकॅलरीच्या दिवसासाठी दिलेला नमुना असा : धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी किंवा मासे-अंडी-मांस ८५ ग्रॅम, तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. (धान्य, डाळींचे वजन कच्चे धरायचे.) धान्यातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून अधिक नसावी, असेही संस्था सांगते.

कोकणातील भात-आमटीच्या ताटात उलटे घडते. भात वाढतो आणि भाजी चमचाभर उरते. एरवी बांगडा, तारली यांसारखे तुलनेने स्वस्त मासे प्रथिनांची आणि ओमेगा-३ स्निग्धाम्लांची बाजू सांभाळतात. ते ताटातून गेले की त्यांची जागा बहुतेकदा भातच घेतो. मुख्य अडचण ही आहे.

मासेमारी बंदीच्या काळात प्रथिने कुठून?

बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ असतो, शिवाय समुद्रही खवळलेला असतो. पारंपरिक बिगरयांत्रिक नौकांना बंदीतून सूट आहे आणि खाडीतील मासेही थोडेफार मिळतात. मात्र आवक घटल्याने भाव चढतात आणि मध्यमवर्गीय घरातही ताजा मासा रोज परवडत नाही.

कोकणाने यावर जुनाच तोडगा काढला आहे, तो म्हणजे सुकी मासळी. इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. सुकट, बोंबील बहुतेकदा नुसत्या उन्हात वाळवतात, तर खारा बांगडा किंवा सुरमई मिठात मुरवलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे. खाऱ्या मासळीचा तुकडा, लोणचे आणि पापड एकाच ताटात आले तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. उच्च रक्तदाब असलेल्यांनी खारी मासळी टाळणे किंवा क्वचित आणि पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून खाणे बरे.

दुसरा आधार कडधान्यांचा आहे. १०० ग्रॅम कच्च्या कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. पण पातळ पिठीच्या एका वाटीत पीठ जेमतेम दोन चमचे जाते, त्यामुळे ‘आज पिठी केली’ म्हणजे प्रथिनांची गरज भागली असे होत नाही. मोड आलेल्या कुळथाची उसळ, चवळी, मूग किंवा वाल वाटीभर हवेत. एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. श्रावणात मांसाहार बंद करणाऱ्या घरांत तर ऑगस्टमध्ये मासे सुरू होऊनही ताटात येत नाहीत. तिथे डाळ, उसळ आणि दही यांचे प्रमाण ठरवूनच वाढवावे लागते.

भाजी महाग होते तेव्हा काय?

रत्नागिरीच्या बाजारातील बरीचशी भाजी घाटमाथ्यावरून येते. दरड कोसळून घाट बंद झाला की आवक थांबते. मात्र याच दिवसांत रानात आणि परसात भाजी उगवत असते. पहिल्या पावसानंतर टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी आणि शेवळे येतात. पुढे मांडवावर पडवळ, शिराळी, काकडी आणि दुधी लागतात. शेवग्याचा पाला आणि अळूही असतेच.

रानभाजी आहे म्हणजे ती कशीही खावी असे मात्र नाही. अळू आणि शेवळ्यात ऑक्झलेटचे स्फटिक असतात, त्यामुळे घसा खाजतो. म्हणूनच ती नीट शिजवून चिंच किंवा कोकम घालण्याची पद्धत आहे. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी अळू बेताने खावे. ओळख पक्की नसलेली भाजी रानातून परस्पर तोडू नये, जाणत्या विक्रेत्या महिलांकडूनच घ्यावी.

पालेभाज्यांचा संबंध रक्तक्षयाशीही आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. भाजीतील लोह अंगी लागण्यासाठी त्यावर लिंबू पिळणे उपयोगी ठरते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर लोहाचे शोषण कमी होते. पावसात चहाच्या फेऱ्या वाढतात, म्हणून ही सवय आताच बदलण्यासारखी आहे.

पावसात व्यायाम कसा?

भातलावणी करणाऱ्याला जून-जुलैत वेगळ्या व्यायामाची गरज नसते. प्रश्न कार्यालयात, दुकानात आणि घरात बसून काम करणाऱ्यांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. एका वेळी किमान दहा मिनिटे हवीत, ही जुनी अट त्यात काढून टाकण्यात आली आहे.

पावसाळ्यात ही सवलत मोलाची आहे. सलग अर्धा तास कोरडा मिळाला नाही तरी सकाळी १० मिनिटे सूर्यनमस्कार, दुपारच्या जेवणानंतर १० मिनिटे पडवीत किंवा गॅलरीत फेऱ्या आणि संध्याकाळी जिन्याची चढ-उतार मिळून अर्धा तास होतो. आठवड्यातून पाच दिवस हे केले की १५० मिनिटे भरतात. जेवणानंतरच्या फेऱ्यांमुळे रक्तातील साखरेची उसळीही कमी होते. उठाबशा आणि भिंतीला हात टेकवून मारलेले जोर यांना कोणतेही साहित्य लागत नाही. बाहेर चालायचेच असेल तर साचलेल्या पाण्यातून, विशेषतः पायाला जखम असताना, जाऊ नये. कोकणात या दिवसांत लेप्टोचा धोका असतो. ताप आल्यास अंगावर न काढता आरोग्य केंद्र गाठावे.

मग उन्हाळ्यात आंब्याचे काय?

रत्नागिरीत मे महिन्यात ‘आंबा खाऊ नका’ हा सल्ला कोणी ऐकणार नाही आणि सरसकट तशी गरजही नाही. १०० ग्रॅम आंब्याच्या गरात साधारण १४ ग्रॅम साखर असते. मध्यम हापूसमधून दीडशे ग्रॅम गर निघाला तर ती २० ग्रॅमच्या आसपास जाते. अडचण होते ती वाटी-दोन वाट्या आमरस, त्यात वरून साखर आणि सोबत पुऱ्या अशा जेवणात. फोडी करून खाल्ल्यास प्रमाण कळते. आंबा खाल्ला त्या वेळी भात किंवा पोळी कमी केली तर हिशेब जुळतो. मधुमेह असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवावे. कोकम सरबतातही साखर बरीच असते. आगळात पाणी आणि जिरे घालून बिनसाखरेचे सरबत करता येते, मात्र आगळ खारट असल्याने वरून मीठ घालू नये.

उन्हाळ्यात हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळत नाही आणि शरीर लवकर तापते. म्हणून एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये व्यायाम सूर्य वर येण्याआधी उरकावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वात सोयीचा काळ. मासळी असते, ताजी भाजी असते, हवाही बरी असते. नवीन सवय लावायची असेल तर ती याच दिवसांत लावून पावसाळ्यापर्यंत मुरू द्यावी.

फक्त व्यक्तीने प्रयत्न करून भागेल?

पूर्णपणे नाही. भर पावसात चालायला छप्पर असलेली जागा नसेल तर इच्छा असूनही चालणे होत नाही. शाळांची सभागृहे, समाजमंदिरे सकाळ-संध्याकाळ तासभर खुली ठेवणे हा कमी खर्चाचा उपाय आहे. रानभाजी विकणाऱ्या महिलांना बाजारात पावसापासून आडोसा मिळाला तर त्यांचे उत्पन्न वाढेल आणि ग्राहकांना घाट बंद असतानाही भाजी मिळेल.

३० वर्षांवरील व्यक्तींसाठी रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत उपलब्ध आहे. रत्नागिरीकरांना ती वर्षातून दोनदा करून घेता येईल : एकदा मेअखेर, आंब्याचा हंगाम सरताना, आणि दुसऱ्यांदा गणेशोत्सवानंतर. दोन्ही वेळच्या आकड्यांची तुलना केली की पावसाचे चार महिने शरीराला कसे गेले ते कळते आणि पुढचा पावसाळा येण्याआधी सुधारणेला आठ महिने हाती राहतात.