काकांचा गीझर आणि पांढरी डबी
शेजारच्या काकूंकडे आठवडाभर रोज सकाळी सातला खटका पडायचा आणि काका साबणासकट अंधारात. दोष अर्थातच त्या पांढऱ्या डबीचा, म्हणजे आरसीसीबीचा. ‘काढूनच टाका ती,’ काकांचा हुकूम. शुद्ध वेडेपणा! फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ही डबी सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरची तूट दिसली की डोळ्याचं पातं लवण्याआत वीज तोडते. (वाण्याच्या वहीतही इतका चोख हिशेब नसतो.) वायरमनने घरातल्या साऱ्या पिना उपसल्या, एकेक परत लावत गेला, मिक्सर, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळे निर्दोष. गीझर लावला आणि खट्! क्षार चढून तडकलेली कॉइल करंट पाण्यात सोडत होती. काका गप्प. काकूंनी मात्र डबीवरचं टेस्टचं बटण दाबायची आठवण कॅलेंडरवर दर संकष्टीच्या चौकोनात लिहून ठेवली आहे.