रोहिणीच्या उन्हात राणीची बाग



रोहिणी नक्षत्र लागलं की आपल्या घराघरांत दोनच बोलणी असतात. पाऊस कधी येणार आणि पैसा कुठून आणायचा. नांगरलेली ढेकळं तापलेली असतात, विहिरीनं तळ दाखवलेला असतो आणि बी-बियाण्यासाठी हात मोकळा नसतो. आमच्याही घरी यंदा तीच गत झाली. शेवटी गोठ्यापुढचा कडुनिंब विकायचं ठरलं. लाकडाचा व्यापारी आला, बुंध्याला दोरी लावून माप घेतलं आणि पाच हजार रुपये इसार देऊन गेला. मृगाच्या आधी तोडून नेतो म्हणाला.

हा निंब माझ्या सासूबाईंनी लावलेला. मला वाईट वाटलं, पण मी बोलले नाही. बोलून काही पैसा येत नाही.

त्यातच लालबागच्या वन्संकडून भाच्याच्या साखरपुड्याचं बोलावणं आलं. आम्ही दोघं मुंबईला गेलो. कार्य आटोपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत जीव नुसता उकडून निघाला. वन्सं म्हणाल्या, "दादा, वहिनी, इथं घामाघूम होऊन बसण्यापेक्षा चला राणीच्या बागेत."

आमचे हे म्हणाले, "वाघ-सिंह बघायचं का आता आमचं वय आहे?" पण निघाले.

भायखळा स्टेशनापासून बाग चालत जाण्याइतकी जवळ. 1862 साली ती लोकांसाठी उघडली. तेव्हा तिला व्हिक्टोरिया राणीचं नाव दिलेलं, म्हणून ती राणीची बाग. आता तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. लोक येतात ते प्राणी आणि पेंग्विन बघायला. पण मुळात ही झाडांचीच बाग. देशोदेशीची रोपं आणून इथं लावली आणि आज तीन हजारांहून जास्त झाडं तिथं उभी आहेत.

फाटकाबाहेर डांबरी रस्ता चटके देत होता. आत थोडं चाललो आणि अंगावरचा घाम गार लागू लागला. ह्यांनी टोपी काढून हातात घेतली. झाडाची सावली पत्र्याच्या सावलीपेक्षा गार का, हे आपल्या माठावरून समजतं. माठातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि आतलं पाणी थंड राहतं. झाडही मुळांनी खालचं पाणी ओढून पानांवाटे वाफ करून सोडतं. एवढी झाडं एका जागी असली की सगळी हवाच निवते.

उन्हाळा सरताना बागेत बघायचं काय, असं तुम्ही विचाराल. खरं तर हीच वेळ बघण्याची. बहावा पिवळ्या घोसांनी लगडलेला होता आणि त्याच घोसांच्या आड गेल्या साली धरलेल्या काळ्या लांब शेंगा लोंबत होत्या. ताम्हण जांभळा झाला होता. ताम्हण म्हणजे आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल. कैलासपतीची फुलं फांदीच्या टोकाला येतात कुठं! थेट खोडातून निघालेल्या दांड्यांवर फुलतात. आत पिंडी आणि वर नागाचा फणा, अगदी तसा आकार. वन्संनी हात जोडले. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पण आपल्याकडे देवळांच्या आवारात रुजलं.

गोरखचिंचेपुढं मात्र हे थांबलेच. ही आफ्रिकेतून आलेली. तिचं खोड रांजणासारखं फुगीर असतं आणि त्यात ती पावसाचं पाणी साठवून धरते. कोरड्या दिवसांत पानं टाकून देते आणि पाऊस जवळ आला की पालवी धरते. आम्ही गेलो तेव्हा फांद्यांच्या टोकांना कोवळी पानं नुकती दिसू लागली होती. ढगाचा अजून पत्ता नव्हता, पण झाड तयारीला लागलं होतं.

पुढं एका विलायती शिरीषाखाली बसलो. त्यालाच पर्जन्यवृक्ष म्हणतात. आभाळ दाटून आलं किंवा संध्याकाळ झाली की पानं मिटतो. त्याच्या शेंगा गोडसर, गुरं आवडीनं खातात. फांद्यांचा घेर एवढा की खाली सगळं खळं मावेल. ह्यांनी वर बघितलं, बुंध्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्याचं लाकूड किती टन भरेल गं?"

मी म्हटलं, "लावणाऱ्यानं टनावर हिशेब केला असता तर आज आपण उन्हात बसलो असतो."

जवळच एक माळीदादा पाला झाडत होते. ह्यांनी त्यांना विचारलं, "एवढ्या झाडांना पाणी किती लागतं हो?"

ते म्हणाले, "बारक्या रोपांना घालतो. ही मोठी आपलं आपण बघतात. लहानपणी कुणीतरी घातलं असेल, तेवढंच."

त्यावर हे काही बोलले नाहीत. गाडीतही गप्पच होते. मग कराड मागं पडल्यावर म्हणाले, "आई कळशीनं पाणी घालायची त्या निंबाला. मी लहान होतो."

घरी आल्यावर इसार परत करायचं ठरलं. पण त्यातले दीड हजार खर्च झाले होते. घरचा बोकड विकून ते भरले. बियाण्याला सोसायटीचं कर्ज काढलं, त्याचं ओझं डोक्यावर आहेच. निंब राखला म्हणून आमची अडचण संपली, असं मी म्हणणार नाही. पण बैल आज सावलीत उभे आहेत.

आणि निंब काही फुकट उभा नाही. आता पिवळ्या निंबोळ्या गळतील. त्या गोळा करा, गर काढून धुवा, सावलीत वाळवा आणि जपून ठेवा. पिकावर मावा-तुडतुडे दिसले की पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी फडक्यानं गाळून त्यात शंभर लिटरपर्यंत पाणी घाला आणि फवारा. मुलांना डोंगरातल्या बहाव्याच्या वाळक्या शेंगाही आणायला सांगा. बी फार टणक असतं. दगडावर थोडं घासून रात्रभर भिजवलं की लवकर उगवतं. पिशवीत लावा आणि पुढच्या पावसात बांधावर न्या.

कधी मुंबईला गेलात तर राणीच्या बागेत जरूर जा. बुधवारी ती बंद असते, तेवढं ध्यानात ठेवा. पोरांना वाघ बघू द्या. तुम्ही मात्र घटकाभर झाडाखाली टेका. आपल्या बायकांना टेकायला मिळतं कुठं!

बरं तर, तव्यावर भाकरी आहे. पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर पाऊस यावा, तुमच्याकडेही आणि आमच्याकडेही.