पंधरा सेकंदांचं गणित

२०२३ मधली एक शनिवार रात्र. मांडीवर लॅपटॉप, बाजूला गार झालेला पिझ्झा आणि स्क्रीनवरचं घड्याळ बजावतंय, मॅडम, पंधरा सेकंद! हातात बदामची दोन पानं. टेबलावर उघडलेल्या तीन पानांत आणखी दोन बदाम. अजून एक आला की आपला फ्लश! पॉटमध्ये ६०० रुपये होते, समोरच्यानं वर ६०० टाकले. बोला, कॉल की फोल्ड?

दहावीनंतर गणिताशी काडीमोड घेतलेल्यांसाठी पोकरवाल्यांकडे एक मस्त शॉर्टकट आहे. बदाम एकूण १३, दिसले ४, उरले ९. दोन पानं उघडायची बाकी असतील तर ९ गुणिले ४, म्हणजे ३६ टक्के चान्स. एकच बाकी असेल तर गुणिले २, म्हणजे १८. खरे आकडे साधारण ३५ आणि साडेएकोणीस. पंधरा सेकंदांत एवढी चूक चालते, बॉस!

आता किंमत बघा. मी ६०० टाकले की पॉट १८००चा. त्यात माझा वाटा एक तृतीयांश, म्हणजे चान्स किमान ३३ टक्के हवा. माझ्याकडे तर ३६! सात सेकंदांत हिशोब उरकून मी ऐटीत कॉल केला.

आणि तिथेच फसले. चारचा पाढा तेव्हाच लावायचा, जेव्हा पुढची दोन्ही पानं त्याच पैशांत बघायला मिळतात, म्हणजे कुणीतरी ऑल-इन गेलेलं असतं. समोरच्याकडे अजून ९०० शिल्लक होते. म्हणजे माझा पाढा दोनचा होता आणि चान्स १८!

चौथं पान किलवर. त्यानं उरलेले ९०० लोटले. आता ९०० टाकून पॉट होणार ३६००, म्हणजे २५ टक्के हवेत. माझे १८च. गणित ओरडून सांगत होतं, फोल्ड कर! पण आधीचे ६०० गेले होते ना... ते सोडवेनात. कॉल. पाचवं पान इस्पिक. दोन मिनिटांत १५०० रुपये साफ.

पहिली चूक पाढ्याची होती, ती दुसऱ्या दिवशी सुधारली. दुसरी सुधारायला बरेच महिने लागले. पॉटमध्ये टाकलेले पैसे आपले राहत नाहीत, हे कुठल्याच पाढ्यात नसतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा केला. आता मी फुकटच्या चिप्सवर खेळते. पाढे तेच, झोप मात्र शांत!

परवा मैत्रिणीसोबत एक भयाण सिनेमा बघत होते. इंटरव्हलला उठले. ती म्हणाली, “अगं, तिकिटाचे पैसे?”

म्हटलं, “ते पॉटमध्ये. चल, भेळ खाऊ.”